झोपेच्या गोळ्या आता माझ्याकडे मागू नकोस

अजित,

मी दवाखान्यात चाललेय. तुला गाढ झोप लागली होती म्हणून उठवलं नाही. भाकऱ्या डब्यात आहेत, कोलंबीचं कालवण गरम करून घे.

कपाटातल्या झोपेच्या गोळ्या मी घेऊन जातेय. आज रात्रीची तेवढी एक ठेवलीय, कारण एकदम बंद करणं बरं नाही.

सकाळी न्हावा शेवा बंदरातून तुझ्यासोबत काम करणाऱ्या सुजितचा फोन आला होता. रजेवर येण्याआधी क्रेनवर तुझा डोळा लागला आणि कंटेनर खालच्या माणसांवर लटकत राहिला, हे मला त्याच्याकडून कळलं. दिवसा गुंगी येते का, असं मी दर वेळी विचारायचे. तू म्हणायचास, "न्हाय गं, काय नाय होत." दुसरा पेशंट असता तर मी खोदून विचारलं असतं. तुला जास्त विचारलं की भांडण होतं, म्हणून मी गप्प बसून गोळ्या लिहून देत राहिले. आता मी दमलेय.

यापुढे तुझी डॉक्टर मी नाही. कामावर जायला फिट असल्याचा दाखलाही माझ्याकडून मिळणार नाही. श्रीवर्धनला डॉक्टर म्हसकरांकडे आज संध्याकाळची वेळ घेतलीय; गोळ्यांचं पुढे काय करायचं ते तेच ठरवतील. मी गाडीने नेईन, पण आत येणार नाही.

झोप का लागत नाही ते त्यांना खरं सांग. कारण मी असेन, तर तेही सांग. परतताना मी काही विचारणार नाही.

जयमाला