आळशी आईचा इंग्रजी कोर्स

प्रिय सुलभाताई,

तू पाठवलेलं इंग्रजी पुस्तकांचं खोकं मी उघडलं, सगळी पुस्तकं चाळली आणि पुन्हा तसंच बांधून ठेवलं. लगेच फुरंगटू नकोस. सांगलीत जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या मास्तरीणबाईंची निवड ती, वाईट कशी असेल? पण त्यात प्रत्येक पोराला वेगळा धडा आणि प्रत्येक धड्यावर एकच सूचना, आईने मोठ्याने वाचून दाखवावे. इथे आमची तीन आणि जाऊबाईंची, म्हणजे गीताची, दोन अशी पाच लेकरं घरीच शिकतात. गीता सकाळीच पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, बख्शी का तालाबच्या बँकेत जाते ती दिवेलागणीला येते. आमचे नवरोबा प्रसाद रेल्वेच्या कामावर. सासूबाईंचं पथ्यपाणी वेगळंच. प्रसादच्या बदल्यांना कंटाळून पोरांना घरी शिकवायचं खूळ माझंच, तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही.

म्हणून मी दुसराच कोर्स घेतला. सगळ्यांना एकच गोष्ट आणि पुढे वयाप्रमाणे प्रश्न. गोष्ट टॅबवर एक बाई वाचते, उत्तरं पुस्तकाच्या मागे असतात आणि धाकट्यांचं आमची थोरली अमृता तपासते. मला काही म्हणजे काहीच करावं लागत नाही. तू याला आळशी आयांचा कोर्स म्हणशील, खुशाल म्हण. पहिल्याच दिवशी आमचं शेंडेफळ माणिक म्हणाला, मम्मी, ये आंटी अच्छी हैं, डाँटती नहीं. सगळी हसली, मीही हसले. मग भाजी बघायला म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले.

खरं तर माझा घसा ओरडूनच बसला असं मी धरून चालले होते. सरोजिनी नगरात विमानं अगदी डोक्यावरून जातात. मी वाचत असताना विमान आलं की थांबण्याऐवजी आवाज चढवायचे, नाहीतर पोरं तेवढ्यात पसार. घसा बसला, तशी मुलैठी, म्हणजे आपलं ज्येष्ठमध, चघळली, मिठाच्या गुळण्या केल्या. वहिनी, एकदा दाखवून या, असं गीता कितीदा म्हणाली. पाच पोरांमागे ओरडणाऱ्या बाईचा घसा बसायचाच, म्हणून मी तिला उडवून लावलं. तसाच उन्हाळा गेला, दिवाळीही गेली. शेवटी तीच हाताला धरून घेऊन गेली. डॉक्टरांनी आधी बोलणं कमी करायला सांगितलं, मग तपासण्या.

तेव्हापासून मी आवाज जपून वापरते, पण संध्याकाळी नाही. टॅब मिटला की पाचही जणं माझ्याभोवती बसतात आणि मी मराठीत सांगत सुटते. तुझ्या लग्नात सनईवाला चुकून शेजारच्या मांडवात जाऊन वाजवत बसला होता, ते तर रोज हवं असतं. पोरांना मराठी सगळं कळतं गं, पण उत्तर हिंदीतून. प्रसादही दमून येतो आणि त्यांच्याशी हिंदीतच बोलतो. या घरात दिवसभर पोरांशी मराठी बोलणारी मी एकटीच. परवा अमृताने विचारलं, मम्मी, हिरमुसणं मतलब क्या? मी माणिककडे बोट दाखवलं. त्याची गोष्ट अर्ध्यात थांबवली होती ना मी! तिला बरोब्बर कळलं.

फोन केला असता तर पहिल्या शब्दालाच तू ओळखलं असतंस, म्हणून हे पत्र. ताई, कॅन्सर आहे. पुढच्या महिन्यात ऑपरेशन, स्वरयंत्र काढून टाकणार. जीव वाचेल म्हणतात, आवाज नाही. मला फार भीती वाटते. उरलेला आवाज मला इंग्रजीवर घालवायचा नाही, एवढंच त्या आळशी कोर्सचं कारण. ऑपरेशननंतर तू रोज संध्याकाळी फोन कर. पोरांना मराठीत गोष्टी सांग, माझ्या वाटणीचं रागाव. आपल्या दोघींचा आवाज फोनवर बाबांनाही कधी वेगळा ओळखता आला नाही. माणिक तर लहान आहे, थोडे दिवस फसेलही. फसला तर फसू दे. मी त्याच्या शेजारीच बसलेली असेन.

तुझीच,
कांचन