शनिवारी जेवायचं कुठे?

सिंगापूर, मंगळवार

ती. लाय फाँगताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकताना कंबर धरली, तरी नमस्कार पुरा केला आहे.) तुझा गुडघा कसा आहे? मांजर अजून शेजारणीकडेच जेवते का? इकडे आम्ही ठीक. तुझ्या भावजयीची, म्येई योकची, तब्येत उत्तम; रोज माझ्यावर ओरडते, त्यात तिचा व्यायाम होतो.

तुझी चिठ्ठी पोचली. अकरा वर्षांनी आली आणि त्यात मोजून तीन ओळी! शनिवारी सकाळी येते, एक वेळ जेवेन, परत जाईन. आणि खाली, ‘या खेपेला बसू देशील ना?’ म्हणजे तू काही विसरली नाहीस. अगं ताई, तेव्हा हॉकर सेंटरमधल्या, त्या खाण्याच्या स्टॉलांच्या बाजारातल्या, टेबलावर टिश्यूचं पाकीट होतं. पाकीट ठेवलं म्हणजे जागा धरली, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही कळतं. तू काय केलंस? खुशाल बसलीस, पाकीट फोडलंस आणि वर नाक शिंकरलंस! पाकीटवाली तणतणत आली, आणि मी, तुझा सख्खा भाऊ, तिची बाजू घेऊन तुला चारचौघांत उठवलं. तू उपाशीपोटी घरची, ईपोची बस धरलीस. जाताना एवढंच म्हणालीस, “तुमच्या गावात माणसापेक्षा कागदाला मान आहे.” ते शब्द तू परत घ्यावेस असं जेवण शनिवारी तुला घालायचं, असं मी ठरवलं आणि गेला आठवडाभर जागा बघत वणवण हिंडलो.

आधी मुलाचं ऐकलं. (ही पहिली चूक.) त्याने मला पंचावन्नाव्या मजल्यावरच्या एका बारमध्ये नेलं. तिथे आल्याचं सरबत काचेच्या बल्बमधून आलं आणि त्यातून भसाभसा धूर! कुठे काय जळालं म्हणून मी फुंकर मारून तो विझवला, तर वेटरचा चेहरा पडला. “अंकल, धूर हीच तर खासियत होती.” मग एका मॉलमध्ये गेलो. तिथे वाढायला माणूसच नाही, रोबोट. त्याने कुणाचा तरी केक माझ्यापुढे आणला आणि वाढदिवसाचं गाणं लावलं. केक घेतल्याशिवाय हलेना. सगळे टाळ्या वाजवायला लागले, तेव्हा मीही मेणबत्ती विझवून टाकली. बिचाऱ्याचं मन कशाला मोडा! पोट मात्र रिकामंच राहिलं.

शेवटी रविवारी दुपारी आपल्या जुन्याच हॉकर सेंटरमध्ये गेलो. टेबलावर पाकीट ठेवलं आणि सगळ्यात लांब रांगेत उभा राहिलो. (रांग लांब म्हणजे जेवण चांगलं. कशाची रांग ते इथे कुणी विचारत नाही.) अर्ध्या तासाने न राहवून पुढच्याला विचारलंच. तो म्हणाला, “काय माहीत, पण लांब आहे ना?” टोकाला पोचलो तेव्हा एका नर्सने माझ्या बोटात सुई टोचली. रक्तातली साखर फुकट तपासत होते. माझी वाढलेली निघाली.

तो अपमान गिळून नूडल्स घेतल्या आणि परत आलो, तर काय पाहतो! माझं टेबल मोकळं, मधोमध पाकीट, आणि भोवती दहाबारा माणसं हातात तापलेले वाडगे घेऊन उभ्याने खातायत. त्यात काठीवाली एक आजी. मी म्हटलं, “आजी, बसा की!” तर ती माझ्यावरच खेकसली, “डोळे फुटले का? पाकीट दिसत नाही?” पाकीट माझंच आहे म्हणालो, तर सगळे एकदम म्हणाले, “कशावरून? नाव लिहिलंय का त्यावर?” नाव कुठलं असणार, ताई? मीही उभ्यानेच जेवलो. सगळे बघत होते. मला तुझी फार आठवण आली.

तेव्हा बाहेर कुठे जायचं नाही. शनिवारी घरीच जेवू.

तुझा धाकटा,
वाय क्योंग

ता. क. घरी जेवायचं ठरवलं खरं, पण म्येई योकला ते सांगायची माझी छाती नाही. तरी येताना आईची मातीची हंडी घेऊन ये. कोंबडी आणि आलं मी आणून ठेवतो, रांधायचं तेवढं तू.

आणखी एक. तेव्हा तुला उठवलं, ते माझं चुकलं. हे खरं तर सगळ्यात आधी लिहायचं होतं, पण मध्ये बल्ब आणि रोबोट आले.

शेवटचं. आमच्या जेवणाच्या टेबलाशी खिडकीजवळची खुर्ची आहे, तिच्यावर मी रविवारपासून टिश्यूचं पाकीट ठेवलंय. आज सकाळी म्येई योकनेसुद्धा कॉफी उभ्यानेच घेतली. तू आलीस की बस, पाकीट फोड आणि खुशाल नाक शिंकर.