पायरीला बांधलेली नाव

माय, तुझा नातू काल मोर्णेच्या काठावर एक घर पाहून आला. मागच्या दाराने चार पायऱ्या उतरलं की थेट पाणी, पावसाळ्यात नाव दाराशी लागते म्हणाला, आणि मला म्हणाला, तू एकदा बघून सांग, घ्यायचं का. त्याला वाटतं नदीकाठी वाढलेल्या बाईला काठ कळतो. मी गुडघे दुखतात असं सांगितलं आणि बसून राहिले. तो कचेरीत गेल्यावर त्याचीच दौत ओढून घेतली. यांनी मला लग्नानंतर लिहायला शिकवलं ते तुला ठाऊक आहे, तेव्हा तू हसली होतीस. तुला वाचता येत नव्हतं आणि आता तर तू नाहीसच, म्हणून ऱ्हस्वदीर्घाची भीती न बाळगता लिहिते.

आपलं जुनं घर गावाच्या आत होतं. पूर्णा काही फार लांब नव्हती, पण पावसाळ्यात त्या काळ्या चिखलातून ती काशीइतकी दूर व्हायची. तुझं माहेर पलीकडच्या काठावर. नागपंचमीला तुला न्यायला मामा मुराळी म्हणून निघायचा, नावेतून अलीकडे यायचा आणि आपल्या शिवारात मांडीपर्यंत रुतायचा. एका वर्षी तो अर्ध्या वाटेवरून परत गेला. तू डोक्याला तेल लावून, गाठोडं बांधून संध्याकाळपर्यंत ओसरीवर बसली होतीस. मग गाठोडं सोडलंस आणि भाकरी थापायला लागलीस. घर हवं तर नावेच्या घाटावर हवं, हे तू त्या दिवशी मनाशी धरलंस असं मला वाटतं.

पुढे दूरच्या कुठल्याशा मुलखात लढाई पेटली आणि आपल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. बाबांची चाल बदलली. त्यांना गाडीरस्त्यावर, दलालांच्या डोळ्यांत भरेल असं घर बांधायचं होतं. तू भांडली नाहीस, नुसती चूल पेटवली नाहीस. शेवटी बाबाच लोकांना सांगू लागले की आपण आपला घाट बांधून राहिलो. जागा मात्र तू निवडलीस. मला बोटाला धरून तू सगळा काठ तुडवलास. एका जागी सुरेख दगडी पायऱ्या होत्या, तिथे नाव धारेत आपटेल म्हणालीस. दुसरीकडे दरड खचत होती. कडुनिंबाजवळ नदी वळते, तिथे तू पाण्यात काडी टाकलीस, ती जागच्या जागी फिरत राहिली, आणि तुझा चेहरा असा उजळला की तसा मी तो पुन्हा पाहिला नाही. इथे आषाढाच्या पुरातही नाव लागेल, नवरा घरी असो नसो, चिखल असो नसो, भाऊ येईल आणि पायरीवरूनच घेऊन जाईल. तुझा हिशेब बरोबर होता. त्यात काही चुकलं नाही.

चुकलं ते वास्तुशांतीला. पहिला फेटा तुझ्या भावाचा, हे शेंबड्या पोरालाही माहीत. बाबांनी पहिला फेटा कापसाच्या दलालाला बांधला आणि मामाला नंतर हाक मारली. मामाने फेटा हातात घेतला, तसाच पाटावर ठेवला आणि न जेवता नावेत जाऊन बसला. तू पुरणाचं ताट घेऊन पायरीपर्यंत धावलीस. नाव निघाली होती. तू ते ताट तसंच धरून उभी होतीस, आणि वर मांडवात सगळे दलालाला आग्रह करत होते.

त्यानंतर मुराळी आला नाही. नाव आपल्या पायरीला बांधलेली असायची, समोर तुझ्या माहेरची झाडं दिसायची, म्हशी ओळखू यायच्या, आणि तू घरातल्या घरात. उन्हाळ्यात तर वाळूतून चालतही जाता आलं असतं. बाबांना तू एकदाच म्हणालीस की फेटा घेऊन जा, चार शब्द बोला. ते म्हणाले, मी काहून जाऊ, त्याले नाव दिसत नाही काय. मग दोघेही आपापल्या काठावर अडून बसले, आणि त्यांच्या मधल्या पाण्यात तू अडकलीस. मला तेव्हा तुझाही राग यायचा. इतका हट्ट करून घर मिळवलं आणि आता एक पाय उचलता येत नाही, म्हणजे काय?

एका श्रावणात आजी, तुझी आई, आजारी पडली. तिला बाजेवर घालून पलीकडच्या काठावर बाभळीखाली आणून ठेवलं, तिनंच हट्ट केला असणार. मधून गढूळ पूर्णा वाहते आहे. तू शेवटच्या पायरीवर बसली आहेस, पाय पाण्यात आहेत. पलीकडे आजीने पदर हलवला, तू पदर हलवलास. नावाडी दोरी सोडून उभा राहिला, बसा बाई, आता नेतो म्हणाला. बाबाही मागे येऊन उभे होते, त्यांचा आवाज पहिल्यांदा मऊ झाला होता. "जाय तू," ते म्हणाले, "मी पाठवून राहिलो न तुले."

तू मागे वळून पाहिलंही नाहीस. "तुमी पाठवून काय होते?" म्हणालीस. "त्यायनं न्याले आलं पायजे. बिनबोलावता गेली त आई त भेटन, पन माहेर राहीन काय माह्यं?"

दुपार कलेपर्यंत तुम्ही दोघी तशाच समोरासमोर होतात. मग बाज उचलून नेली. दोन-तीन दिवसांनी नावाडीच निरोप घेऊन आला, आणि तू हातातली परात टाकून पायऱ्या उतरलीस. मयताला जायला मुराळी लागत नाही. तुझ्या निवडीच्या त्या घाटावरून तू नावेत बसलेली मी पाहिली ती तेवढीच. मामाने तुला पलीकडे हात देऊन उतरवलं, आणि तुम्ही गळ्यात पडून रडलात, असं नावाडी नंतर सांगत होता.

माझ्या लेकीला मी सांगून ठेवलं आहे की कुणाची वाट पाहू नकोस, मनात आलं की आगगाडीत बस आणि ये. ती येतेही, पोरं काखोटीला मारून, न कळवता. शेजारणी बोलतात, बोलू देत. घराचं मी मुलाला काय सांगू? काठ चांगलाच असेल. नाव नक्की लागत असेल.

हा कागद घडी करून उशीखाली ठेवीन, तुझ्याकडे पाठवायची सोय नाही. एक मात्र तुला सांगायला हवं. तुझ्या तेराव्यानंतर मी निघाले तेव्हा भावजयीने माझी ओटी भरली नाही आणि भाऊ गप्प राहिला. त्यानंतर तो दरवर्षी निरोप पाठवतो, ये म्हणून. न्यायला येत नाही. मूर्तिजापूरपर्यंत गाडी आहे, पुढे मुलगा बैलगाडी करून द्यायला तयार आहे, तुझ्या पायऱ्या अजून शाबूत आहेत म्हणतात. मी दरवर्षी गुडघ्यांचं सांगते. माय, माझे गुडघे दुखत नाहीत.