प्लेट वाजेपर्यंत

उस्ताद, काल संघ निवडला गेला आणि त्यात माझं नाव नाही. तुम्ही असता तर पहिला प्रश्न विचारला असता, "किती चुकल्या?" वेळ किती लागला, हे तुम्ही मला जन्मात कधी विचारलं नाही. पुढच्या वर्षी माझ्या वयाच्या बाईला पोलिसांच्या पिस्तूल संघाच्या निवडीला कुणी उभंही करणार नाही. ही शेवटची संधी होती आणि ती ज्या सवयीपायी गेली ती सवय तुमची आहे. म्हणून तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी हे तुम्हालाच लिहायला बसले आहे. घरात कुणाला सांगावं तर म्हणतील, आता बास कर की, किती दिवस ते ठो-ठो.

मी अकरावीला नगरला आले आणि सावेडीच्या वसतिगृहात राहू लागले. आई-वडील खर्ड्याकडचे. दिवाळी झाली की कोयते घेऊन कारखान्यावर जायचे, ते ऊन तापल्यावरच परतायचे. कॉलेजच्या एनसीसी शिबिरात तुम्ही आम्हा पोरींचा नेम बघायला आलात. फौजेतून निवृत्त झालेला, पोट न सुटलेला, इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला माणूस. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, म्हणून सगळे तुम्हाला उस्ताद म्हणायचे. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत तुम्ही पत्र्याची शेड टाकली होती. गॅरेजमधून गोल कापून आणलेल्या लोखंडी प्लेटा अँगलला साखळीनं टांगलेल्या, काही जवळ, काही लांब, काही ताटाएवढ्या, काही बशीएवढ्या. पाच छर्‍यांचं एअर पिस्तूल होतं. छर्रा लागला की प्लेट टण्णकन वाजायची आणि खाणीच्या भिंतीवर आपटून तो आवाज परत यायचा. तुमचा पहिला धडा म्हणजे तो आवाज. "वाजली का? मंग पुढं बघ. वाजल्याबिगर डोळा हालवायचा न्हाई." मला तो नियम फार आवडला. अर्धं वर्ष आई-वडील कुठल्या फडात आहेत हेसुद्धा ज्या पोरीला धड माहीत नसायचं, तिला प्रत्येक छर्‍यामागं खात्रीचा एक आवाज मिळतोय म्हटल्यावर का आवडणार नाही?

तुम्हाला हा खेळ मी समजावून सांगायचा म्हणजे गंमतच आहे, पण आज मला तो तुमच्यासमोर मोठ्यानं म्हणायचाच आहे. बझर वाजतो, पिस्तूल उचलायचं, समोरच्या पाच प्लेटा वाजवायच्या. ज्याला सगळ्यात कमी वेळ लागेल तो जिंकतो. एखादी चुकली तर त्याची शिक्षा नाही. परत मारायची, गेला तेवढा वेळ गेला. म्हणजे हा खेळ नेमाचा जेवढा आहे, त्याहून जास्त एका प्लेटवरून दुसरीवर जाण्याचा आहे. गोळी सुटली की नजरेनं पुढची प्लेट धरायची, पिस्तूल नजरेमागून येतं. आवाज मागच्या मागं होत राहतो, तो ऐकायला कुणी थांबत नाही. जो थांबतो तो प्रत्येक प्लेटपाशी जरा जरा मरतो. हे तुम्हाला माहीत होतं. माहीत नसतं तर माझा राग इतका टिकला नसता.

त्या हिवाळ्यातली एक सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. बोटं गारठलेली, शेडच्या पत्र्यावरून दव टपकतंय. मी पिस्तूल उचलते आणि काय होतं कोण जाणे, पहिली प्लेट वाजायच्या आधीच माझी नजर दुसरीवर गेलेली असते. हात आपोआप मागून येतो. खांद्यात जोर नाही, श्वास अडकलेला नाही. पाचही प्लेटा जात्याच्या घरघरीसारख्या एका दमात वाजतात. मागं बसलेल्यांपैकी कुणीतरी शिट्टी मारतं. मी हसत वळले, तर तुम्ही माझ्या हातातून पिस्तूल काढून घेतलंत.

"ही काय लगीनघाई?"

"सगळ्या लागल्या की, उस्ताद."

"लागल्या न्हाईत, नशिबानं वाजल्या. नशिबाच्या जिवावर मारायचं आसंल तर जत्रंत जा, फुगं फोडत बस."

मग उन्हं वर येईपर्यंत मला भिंतीखालचे चपटे झालेले छर्रे वेचायला लावलंत. बाकीचे सराव करत होते आणि मी उकिडवी बसून माती चाळत होते. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण तेव्हा मला तुमचा राग आला नाही. लाज वाटली ती माझी. हातून काहीतरी चोरटं झालं असं वाटलं. पुन्हा कधी तशी सकाळ आली नाही. आणायचा प्रयत्नच केला नाही मी.

त्यानंतरची गोष्ट तुमच्या घरामागच्या अंगणातली. शेडची किल्ली न्यायला मी तुमच्याकडे आले होते. काकूंनी दार उघडलं, म्हणाल्या, मागं हायेत बघ बापलेक. तुमचा मुलगा माझ्याच वयाचा, इंजिनिअरिंगला होता, हौसेनं नेमबाजी करायचा. भिंतीला प्लेटा टेकवून तुम्ही त्याला शिकवत होतात. मी कोपऱ्यापाशी थांबले. तो चुकत होता, एकामागून एक चुकत होता, आणि तुम्ही हसत होतात. "आरं, प्लेटकडं काय बघत बसतो? सुटली गोळी, इषय संपला. डोळा पुढं टाक, हात येतोय मागनं. चुकू दे की! चुकल्याबिगर हात सुटायचा न्हाई तुजा." तुमचा तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. इतका मोकळा, इतका लाडाचा. माझ्या वाट्याला आलेला माणूस दुसराच कुणीतरी होता.

त्या दिवशी काकूंनी मला स्वयंपाकघरात बसवून गरम भाकरी आणि पिठलं वाढलं. तुम्ही हात धुऊन आलात, पाटावर बसलात, आणि मी धीर करून विचारलं, "उस्ताद, त्याला वेगळं का सांगता?" तुम्ही भाकरीचा तुकडा मोडलात आणि अगदी शांतपणे म्हणालात, "तुजं येगळं हाय बाई. पोरगं चुकलं की लोक म्हनत्यात, शिकंल. पोरगी चुकली की म्हनत्यात, हिला कुनी आनली हितं? मला तुज्यावर कुनी हासायला नको. तू चुकायचंच न्हाई." काकू तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या, "खरं हाय त्यांचं." आणि मी? माझे डोळे भरून आले. वडील कुठंतरी उसात होते आणि इथं एक माणूस माझ्यावर कुणी हसू नये म्हणून एवढा विचार करत होता. मी उठून तुमच्या पाया पडले. आज ते आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. तुम्ही मला समोर बसवून सांगितलंत, की जे खरं शिक्षण आहे ते तुला देणार नाही. आणि मी त्याबद्दल तुम्हाला नमस्कार केला.

तुमच्या मुलानं दोन हंगामांत पिस्तूल सोडलं. आता पुण्यात मोठ्या हुद्द्यावर आहे, कधी भेटला तर म्हणतो, आपल्याला त्यात फारसा रस नव्हताच. मी मात्र सोडलं नाही. पोलिसात भरती झाले तेव्हा मी पहिल्यांदा वाजवलेली प्लेट तुम्ही पांढऱ्या रंगानं रंगवून मला दिलीत. घरी आता ती लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून असते. वजनाला चांगली आहे. खात्याच्या स्पर्धांमध्ये माझं नाव झालं ते "मॅडमची गोळी वाया जात नाही" असं. हे कौतुक ऐकून ऐकून मी म्हातारी व्हायला आले. चुका करणाऱ्या, हसणाऱ्या, पुन्हा मारणाऱ्या पोरी माझ्या पुढून पदकं घेऊन गेल्या आणि मी कधी तिसरी, कधी चौथी, स्वच्छ आणि संथ. तुम्ही आजारी असताना मी भेटायला आले होते. बोलताना धाप लागत होती तुम्हाला. तरी शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगत होतात, "ही माजी पोरगी. हिची कदी चुकत न्हाई." मला तेव्हाच विचारायचं होतं, की उस्ताद, चुकली असती तर काय झालं असतं? मरणाऱ्या माणसाला असं विचारता येत नाही. तुम्ही तिथंही सुटलात.

गेल्या वर्षी आमच्याकडे एक तरुण प्रशिक्षक आला. त्यानं मला एकदाच मारताना पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही मारून झाल्यावर ऐकताय. कुणाची परवानगी लागते तुम्हाला?" तो सहज बोलून गेला, मी मात्र घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडले. मग या वयात नव्यानं शिकायला बसले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर टिकल्या चिकटवल्या, काही जवळ जवळ, काही लांब, आणि रोज कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत रिकाम्या हाताचा अंगठा रोखून एका टिकलीवरून दुसरीवर. आधी नजर, मग हात. प्लेट अख्खी बघायची नाही, तिच्या मधोमध एक जागा धरायची. लांबचं वळण असेल तर खांद्यानं ओढायचं नाही, गुडघ्यातून वळायचं, नाहीतर पिस्तूल पुढं निघून जातं आणि परत आणण्यात वेळ जातो. आणि गोळी लागली की नाही हे कानानं नाही, सुटतानाच नळीच्या टोकावरच्या, नेम धरायच्या माशीवर कळलं पाहिजे. मला ते कळत होतं, उस्ताद. कळतच होतं गेली सगळी वर्षं. फक्त त्यावर विश्वास ठेवायची मला मुभा नव्हती. हळूहळू वेळ उतरत गेला. प्रशिक्षक टायमर माझ्या डोळ्यांपुढं धरून म्हणाला, "मॅडम, ही खरी तुम्ही." असं कुणी कधी म्हणालं नव्हतं.

काल दोन फेऱ्या होत्या, दोन्हींच्या वेळेची बेरीज करून निवड. पहिल्या फेरीत मी तशीच सुटले. पहिली, दुसरी, तिसरी, नजर पुढं आणि हात मागून. चौथी बशीएवढी, ती चुकली. पुन्हा मारली, तीही चुकली, मग लागली, मग पाचवी. एवढं होऊनही तो माझा आजवरचा सगळ्यात चांगला वेळ होता. पण तो आकडा फक्त पंचांच्या हातात होता. दोरीच्या मागं उभ्या असलेल्यांना दिसल्या त्या माझ्या चुका. पहिल्यांदाच दिसल्या ना. एक जुना हवालदार ओरडला, "मॅडम, दमानं की! प्लेटा काय पळून चालल्यात व्हय?" आणि सगळे हसले. वाईट हेतूनं नाही, प्रेमानंच हसले. पंचांचा टायमर बघून प्रशिक्षक धावत आला, कानाशी म्हणाला, "उत्तम झालं, परत अस्संच." मी मान हलवली. माझे कान तापले होते.

दुसऱ्या फेरीला बझर वाजला आणि मी पहिली प्लेट मारून थांबले. ठरवून नाही थांबले. आवाज आला, मग दुसरी. आवाज आला, मग तिसरी. पाचही पहिल्याच गोळीत. मागं टाळ्यांचा कडकडाट झाला, हवालदार म्हणाला, "ह्या आमच्या मॅडम!" प्रशिक्षकानं टायमर पाहिला आणि तो खाली बघत निघून गेला. निवड झाली त्या पोरीची, जी दोन्ही फेऱ्यांत चुकली होती. तिच्यावरही लोक हसले होते. तिनं मागं वळून त्यांना हात केला होता.

आज सकाळी काकूंचा फोन आला. तुमचं श्राद्ध आहे परवा. म्हणाल्या, "यंदा तरी जेवून जा गं, दरसाल फोटोला हात जोडतीस आन् पळतीस." हे लिहायला घेतलं तेव्हा मनात होतं, की जाताना हे पाकीट काकूंच्या हातात द्यावं, त्यांनी वाचावं, त्या दिवशी त्यांच्यासमोर स्वयंपाकघरात माझं खरं काय झालं ते त्यांना तरी कळावं. आता नाही देणार. त्या चुलीपाशी बसून एवढंच म्हणतील, की तुझ्या भल्यासाठीच केलं गं त्यांनी. ते खरंही असेल आणि तेच मला ऐकायचं नाही. हे कपाटात साड्यांच्या खाली जाईल.

एक गोष्ट मात्र प्रशिक्षकाला सांगितलेली नाही, घरातही नाही. काल त्या दुसऱ्या फेरीत संधी हातातून जाते आहे हे मला समजत होतं, प्रत्येक थांबण्याला समजत होतं. तरी शेवटची प्लेट वाजली, टाळ्या पडल्या, आणि मला बरं वाटलं, उस्ताद. फार बरं वाटलं.