पाच चांदण्यांची गाणी

सिहोरा
रविवार, १९ जानेवारी २०२५

वहिनी,

आमी सगळे बरे आहोत. तू न तुह्या माहेरचे एकोडीले बरे असान असं धरून चालते. दादाच्या राइस मिलमधी सीझन चालू आहे, रविवारही नाही. सकाळी आठले तो तुमसरले जाते न रात्री आल्यावर जेवून झोपते. धानाच्या बांध्यांत लाखोरी फुलावर आहे. थंडी खूब आहे. तुहा नंबर लागत नाही म्हणून हे कागदावर. दोन वर्षांत पहिल्यांदा लिहून राहिली, अक्षराले हासू नको.

कामाचं सांगते. तू इथं सोडून गेलेला कॉम्प्युटर मरून राहिला. हार्डडिस्क जात्यावानी घरघर करते. मी एक सेकंडहॅन्ड लॅपटॉप घेतला न काल तुहे गाणे त्याच्यात हलवले. फोल्डर उचललं, टाकलं, झालं. दोन हजार तीनशे चौदा गाणे, एकही कमी नाही. मी खुश. मंग गाण्याचं सॉफ्टवेअर उघडून पायलं तं तू दिलेले स्टार सगळे गायब. कोणतं गाणं किती वेळा वाजलं त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत शून्य. जसे का हे गाणे या घरात कोणी आयकलेच नाही.

मले आदी वाटलं, जाऊ दे. गाणे तं आहेत ना.

दुपारी आई आली लॅपटॉपसमोर. हो, आपलीच आई. "घर हाये का टाकीज" म्हणणारी. खुर्चीवर बसली, माउस धरला, खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. मी दारातून पायत होती. दहा मिनिटं झाली, पण एक गाणं लावलं नाही.

"काय पायजे वो आई?"

"काही नाही. धूळ पुसून राहिली."

हातात फडकं नव्हतं.

मंग मोरीवर भांडे घासता घासता, माह्याकडं न पायता म्हणते, "त्याच्यात पिवळ्या चांदण्या होत्या. तू धुऊन टाकल्या का काय, पोट्टे?"

आईले वाचता येत नाही, तुले माहीतच आहे. तूच तिले एकदा शिकवलं होतं, का ज्या ओळीत पाच चांदण्या असन तिथं दोनदा दाबाचं, चांगलंच गाणं लागते. मले वाटलं ती तवाच विसरली. मी जुना कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. कोणतं गाणं शेवटचं कधी वाजलं तेही त्याच्यात दिसते. तुहे पाच स्टारवाले बावीस गाणे आहेत. बावीसही याच आठवड्यात वाजलेले. दुपारी एक ते दोन. दादा मिलमधी, मी तुमसरले अभ्यासिकेत. ते बासरीचं, जे तू भाजी निवडताना लावत होती, ते सहाशे अकरा वेळा.

दोन वर्षं, वहिनी. न मी रोज संध्याकाळी घरात पाय टाकल्यावर म्हणत होती, या घरात कसा आवाजच नाही.

स्टार गाण्याच्या आत नसतात, हे मले काल कळलं. सॉफ्टवेअरची एक वेगळी फाईल असते, स्टार न आकडे तिच्यात. ती न्या लागते. वरून गाणेही जुन्याच पत्त्यावर ठेवा लागतात, नाही तं ती फाईल त्यायले ओळखत नाही. तुहे गाणे डी ड्राइव्हमधी होते. माह्या लॅपटॉपले डी नव्हताच. आज सकाळी डिस्कचा वेगळा भाग पाडून तो बनवला, गाणे तिथं टाकले, फाईल बसवली. मधात जुनी हार्डडिस्क दोनदा बंद पडली, दोन्ही वेळा मी हात लावून बसून राहिली, आजारी माणसाजवळ बसते तशी. चार वाजता उघडलं, तं सगळ्यात वर पिवळं दिसलं. सहाशे अकराही जागेवर.

आईले आवाज दिला. ती आली, बसली, बासरीचं लावलं. मी तिच्या मांगं उभी होती. तिचं तोंड दिसत नव्हतं म्हणून जमलं असन. मी सांगून टाकलं.

का तू घर सोडलं त्या दिवशी तू कॉम्प्युटर क्लासच्या नोकरीसाठी तुमसरले गेली ते चोरून नव्हती गेली. मले सांगून गेली होती, आईले सांगजो म्हणून. मी विसरली. संध्याकाळी दादा ओरडून राहिला, आई ओरडून राहिली, न तू आंगणात उभी राहून एकच म्हणत होती, "दामिनीले विचारा, दामिनीले विचारा." मी समोर ओसरीत बसून. कानात ईअरफोन, तार कुर्त्याच्या खिशात. त्याच्यात काहीच वाजत नव्हतं, वहिनी. मी भेली होती. तुले वाटलं असन का हिले आयकू आलं नाही. वाटलं का नाही, ते तुलेच माहीत.

आईनं गाणं पुरं होऊ दिलं. मंग म्हणे, "मले मालूम हाये. तुहा मोबाईल तवा माह्या हातात होता."

न दुसरं गाणं लावलं.

आज रात्री दादाले आमी दोघी सांगणार आहोत. काय म्हणन ते म्हणन. तू वापस ये असं मी लिहीत नाही, तो हक्क मले नाही. पाकिटात पेन ड्राइव्ह आहे, गाणे न ती फाईल दोन्ही. तुहंच आहे. डी मधी टाकजो, नाही तं शून्य दिसन. आकडे खूब वाढलेले दिसतीन. ते आईचे आहेत. मी कमी केले नाही.

तवा जिले सगळं आयकू येत होतं ती,
दामिनी