मैनाचा अर्धा धवला

१४ फेब्रुवारी १९२९
मांडव्याला बोटीतून उतरलो, आत्ताच घरी पोचलो. मुंबईला आईच्या गाण्याची तबकडी झाली! हट्ट माझाच. आमच्यात लग्न धवलारीण लावते – धवला गाऊन देवांना बोलावते, शेवटी गाऊनच पोचवते – आणि या खाडीकाठी आईच्या तोडीची दुसरी नाही.
यंत्रापुढे मात्र अडून बसली. "नवरीचं नाव घेतल्याबिगर धवला चालत नाय." कंपनीचा माणूस घड्याळ बघतोय. माझी मुलगी मैना शेजारी बसलेली, नऊ वर्षांची. आईने तिचंच नाव घातलं. नवऱ्याच्या नावापर्यंत यायच्या आतच तबकडीची तीन मिनिटं संपली.
बोटीत आई मुंबईकडे पाठ करून बसली.

२ जून
तबकडी आली. खोतांचा फोनो मागून आणला. तबकडीवर छापलंय – 'कोळीगीत'. आई म्हणाली, "आमी कोली कदी झालो?"
आवाज आईचाच, पण धुऊन इस्त्री केलेला. माझ्या लहानपणी ती मिठागरापलीकडच्या मांडवात गायची, पहाटे इथवर ऐकू यायचं. भरदार, जरासा फाटका आवाज. मी तो ऐकतच परत झोपी जायचो. तो फाटकेपणा इथे शोधून सापडत नाही. तरी आठ वेळा वाजवली.

११ मार्च १९३१
पेणच्या हॉटेलात तबकडी रोज वाजते म्हणे. लोक आईला बघायला येतात. एका बाईने तर तिच्यासारखं लुगडं कसं नेसायचं ते विचारलं.
आणि आई दोन वर्षं एकाही लग्नाला गेलेली नाही. "देव बोलावले आन पोचवले नाय. एक लगीन उघडं टाकून दुसरं कसं लावू?" मी समजावून थकलो.

२० मार्च
पुन्हा तेच. नाही म्हणाली.

९ डिसेंबर १९३६
तिसरं स्थळ मोडलं. मुलाचा बाप काळूराम तोंडावर बोलला, "मास्तर, पोरीचा धवला अर्धा झालाय, सगल्या बाजारानं आयकलाय. असली नवरी आमाला नको." मैना भांडी घासत होती. हात थांबले नाहीत तिचे. हे मी केलं. कौतुकाच्या हौसेपायी माझ्या पोरीचं नाव मी बाजारात नेऊन ठेवलं.

१७ जानेवारी १९३७
मिठागरावरच्या धर्माचा मुलगा चंदर स्वतः आला. उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "अर्धा हाय ना? मंग पुरा करा."
आईने त्याला आत बोलावून पाट दिला. मग मला म्हणाली, "मांडवात तुजी तबकडी लाव. थांबंल तिथून मी धरीन." संध्याकाळी चुलीपाशी गुणगुणत होती. आठ वर्षांनी! मी दाराआड उभा राहून रडलो.

२ मे
लग्न झालं. तबकडी थांबली, आईने तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. मग अंतरपाटामागून मैनाने चंदरचं नाव घेतलं आणि तिथूनच पुढे गायला लागली. कधी शिकली, देव जाणे. देवांना पोचवूनच थांबली.
जरासा फाटका आहे तिचा आवाज.