ताईचा जर्मन कॅमेरा

उधना, सुरत
मे १९९६

प्रिय ताई,

आज पर्वत पाटिया भागात एका लग्नाचे फोटो मी एकटीने काढले. तू गेल्यावर पहिल्यांदाच. घरी आले, चप्पल काढली आणि सवयीने ओरडले, "ताई, सगळे रोल नीट झाले गं!" कुणी ओ दिली नाही. म्हणून हे पत्र. तुला नाही सांगायचं तर कुणाला?

मंडपात नवरदेवाच्या मामाने विचारलं, "कॅमेरा कुठला?" मी सरळ "चीनचा" म्हटलं. "असू दे," तो म्हणाला, "आमच्या म्हातारीला नीट घ्या म्हणजे झालं." मला एकदम तुझी पाटी आठवली.

'अस्सल जर्मन कॅमेऱ्यावर फोटो काढून मिळतील.' किती तोऱ्यात लावली होतीस स्टुडिओवर! कॅमेरा विकताना स्टेशनजवळच्या दुकानदाराने देवाची शपथ घेतली होती, जर्मनीचाच म्हणून. नावही कसं भारदस्त, 'ब्राउमर'! स्थळाला दाखवायचे फोटो काढायला थेट भेस्तानहून लोक यायचे आणि 'जर्मनवाल्या ताई' कुठे म्हणून विचारायचे.

मग कॅमेऱ्याचं शटर अडकलं. दुरुस्तीवाल्या काकांनी खालची पट्टी खोलली, आत पाहिलं आणि म्हणाले, "बेन, नाम ही जर्मन है. माल चीन का है." आत चिनी अक्षरं कोरलेली होती.

घरी अण्णा म्हणाले, "लोके काय कॅमेरा उघाडीसन देखतीन? गप बस." त्यांचं तरी काय चुकलं गं? कापडाच्या लूमवर राबून त्यांनी तुला स्टुडिओ थाटून दिला होता आणि लग्नसराई तोंडावर आली होती.

पण तू गप बसणारी होतीस का! दुसऱ्या दिवशी स्टुलावर चढलीस आणि 'अस्सल जर्मन'वर रंगाचा हात फिरवलास. ज्यांच्या लग्नांची कामं आपल्याकडे आधीच ठरलेली होती त्यांच्या घरी मला घेऊन गेलीस. दोन घरांनी काम काढून घेतलं. "फसवलंत की आम्हाला!" असंही ऐकवलं. खरं सांग, रडू आलं नव्हतं का? मला कधी कळूच दिलं नाहीस. त्याचा राग येतो बघ अजून.

तिसऱ्या घरी नवरीची आई भाकरी थापत होती. तिने सगळं ऐकलं, पिठाचे हात झटकले आणि म्हणाली, "फोटू कॅमेरा काढस का तू काढस? तूच ये, माय."

बाहेर आल्यावर तू हसलीस, केवढ्या दिवसांनी! त्या लग्नाचा अल्बम हातोहात फिरला आणि त्यावरूनच पुढची कामं आली. मग तर अण्णाच लूमवर सांगत सुटले, "कॅमेरा चिनी, पण पोर मन्ही शे!" हे तुला माहीत होतं का गं? तुझ्यासमोर कधी बोलले नाहीत. आता मला सांगतात, दर वेळी नव्याने.

एक मात्र विचारतेच. काविळीने डोळे पिवळे झाले होते तुझे, तरी उन्हात वरातीमागे धावायला कुणी सांगितलं होतं? डॉक्टरकडे चल म्हटलं की एकच, "हे एवढं लग्न होऊ दे." लग्नं काय संपणार होती का, ताई?

असो. आज त्या म्हातारीचा फोटो छान आला असणार. हसताना तिने पदर तोंडाला लावला, तेवढ्यात मी बटण दाबलं. तू असतीस तर पाठीत धपाटा घालून "शाब्बास" म्हणाली असतीस!

शेजारच्या रेखावहिनी रोज दारात येऊन विचारतात, "मला जमेल का हो?" सोमवारपासून त्यांना शिकवायला घेते आहे. कॅमेरा कुठला ते पहिल्याच दिवशी सांगेन. आणि तुला वचन देते, माझ्या अंगात ताप असेल त्या दिवशी कितीही मोठं लग्न असो, कॅमेरा वहिनींच्या हातात देईन आणि मी घरी झोपून राहीन.

तुझी,
सुनंदा